कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रिल: मशीनची वायर गेली, भिंतीतली आहे तिथेच आहे

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. दोंडाईचाला आमच्या घरी स्वयंपाकघरात पाण्याचा फिल्टर बसवायचा होता. दोन भोकं, दोन स्क्रू, एवढंच काम. माझे मोठे काका, ज्यांना आम्ही बापू म्हणतो, यांनी नुकतंच बॅटरीवर चालणारं इम्पॅक्ट ड्रिल घेतलं होतं. फिल्टरला प्लग जवळ हवा म्हणून जागा निवडली स्विचबोर्डच्या बरोबर वर. फरशी नुकतीच पुसलेली, बापू अनवाणी. उजव्या हातात मशीनची मूठ, डावा हात पुढच्या धातूच्या भागावर. पहिलं भोक झालं. दुसरं अर्धं झालं आणि बापू ओरडून मागे फेकले गेले. मशीन ओट्यावर आपटून खाली पडलं.

नशीब की ते फेकले गेले, चिकटले नाहीत. हाताला मुंग्या आणि कोपराला मार, एवढ्यावर निभावलं. पाणी पिऊन थोडं शांत झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "तार ते नही शे, मंग करंट कसा लागना?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. मशीनला वायरच नाही, मग शॉक कुठून आला? हाच प्रश्न घेऊन मी बसलो आणि लक्षात आलं की आपल्याकडे ही मशीन घरोघरी आली, पण ती वापरायची कशी हे कोणी सांगितलंच नाही. म्हणून हा लेख. मशीन ओळखण्यापासून ते मे महिन्याच्या उन्हात बॅटरी सांभाळण्यापर्यंत सगळं एकत्र सांगतो.

शॉक कसा लागला?

बॅटरीच्या १८ व्होल्टने बापूंना काही झालं नाही. शॉक लागला तो भिंतीतल्या २३० व्होल्टचा. स्विचबोर्डकडे जाणारी वायर भिंतीतल्या पाइपातून वरून खाली येते. ड्रिलचं बिट पाइप फोडून फेजच्या वायरला टेकलं. बिट लोखंडाचं, ते धरणारं चक लोखंडाचं, आणि बऱ्याच मशीनमध्ये चकच्या मागचं गिअरचं घर ॲल्युमिनिअमचं असतं. तिथेच बापूंचा डावा हात होता. करंट बिटातून चकात, चकातून हातात आणि ओल्या पायांतून जमिनीत गेला.

मग एमसीबी का पडली नाही? कारण एमसीबी माणसाला वाचवण्यासाठी नसतेच, ती वायरिंगला वाचवते. घरातली एमसीबी ६, १० किंवा १६ अँपिअरची असते. ओल्या शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला सुमारे ०.२३ अँपिअर करंट शरीरातून जातो. १० अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा एक छोटा बल्ब लागल्यासारखा आहे. माणसाचं हृदय बंद पडायला मात्र तो पुरेसा आहे.

यासाठी असते आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, हे ती बघत असते. ३० मिलीअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा फरक पडला की ती क्षणात लाइन तोडते. मेन बोर्डवर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण असलेलं उपकरण दिसतंय का ते आजच बघा. नसेल तर ड्रिलच्या आधी ते बसवून घ्या. असेल तर महिन्यातून एकदा ते बटण दाबून बघा, लाइट गेली पाहिजे.

कॉर्डलेसचा खरा फायदा

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वायरवालं ड्रिल वापरायचं तर घरात लाइट चालू ठेवावीच लागते. बॅटरीच्या ड्रिलला ती लागत नाही. म्हणजे घराची मेन लाइन बंद करून, भिंतीतल्या वायरी मृत करून आपण आरामात भोक पाडू शकतो. हा फायदा या मशीनने आपल्याला फुकट दिलाय आणि आपण तोच वापरत नाही. वायर दिसत नाही म्हणून उलट आपण जास्त बेफिकीर होतो.

त्यामुळे नियम साधा आहे. भोक पाडायचं तर दिवसाउजेडी पाडा आणि आधी मेन बंद करा. मशीनच्या पुढे छोटा एलईडी असतो, तेवढा उजेड कामाला पुरतो.

पण इथे आपल्या भागात एक फसवणूक आहे, ती म्हणजे इन्व्हर्टर. आमच्याकडे लाइट जाणं नवीन नाही, म्हणून बहुतेक घरांत इन्व्हर्टर असतोच. तुम्ही मेन बंद केली की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो लगेच पंखे-दिव्यांच्या वायरींत २३० व्होल्ट सोडतो. म्हणून मेनबरोबर इन्व्हर्टरही त्याच्या बटणावरून बंद करायचा. त्यानंतर त्या खोलीतला पंखा आणि दिवा लावून बघा. काहीच चालू झालं नाही, टेस्टरही लागला नाही, तरच बिट भिंतीला टेकवा.

छतावर सोलर असेल तर आणखी एक गोष्ट. ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर मेन गेल्यावर घराला वीज देणं थांबवतो. पण पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंत येणाऱ्या डीसी केबलमध्ये ऊन आहे तोवर व्होल्टेज असतंच, मेन बंद केल्याने ते जात नाही. ती केबल ज्या भिंतीवरून उतरते, तिथे ड्रिल चालवायचंच नाही.

भिंतीत वायर कुठे असते?

मेन बंद केली तरी वायर तोडायची नसतेच. चांगल्या वायरमनने केलेल्या कामात पाइप सरळ उभे किंवा सरळ आडवे जातात. म्हणून स्विचबोर्ड, प्लग, ट्यूबलाइटचा पॉइंट यांच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ रेषेत दोन्ही बाजूंना भोक पाडू नका. बोर्डाच्या मध्यापासून निदान एक वीत बाजूला सरका. स्वयंपाकघर आणि मोरीत नळाच्या वर-खाली हाच नियम पाण्याच्या पाइपासाठी लावा.

जुन्या घरात मात्र या नियमावर विसंबू नका. आधी धाब्याचं घर, मग पुढे विटांची खोली, मग वर स्लॅब, अशी टप्प्याटप्प्याने वाढलेली घरं आपल्याकडे भरपूर आहेत. तिथे वायरमनने जवळचा रस्ता म्हणून पाइप तिरका नेलेला असू शकतो. घर बांधताना प्लॅस्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे दहा वर्षांनी तो फोटो कामाला येतो.

भोक पाडताना खाली पडणारी भुकटी बघत राहा. पहिली करडी, ती प्लॅस्टरची. मग लाल, ती विटेची. पुन्हा करडी आली आणि बिट पुढे सरकेना, तर तुम्ही काँक्रीटच्या कॉलममध्ये किंवा बीममध्ये घुसला आहात. बिट एकदम सैल आत गेलं किंवा भुकटीत प्लॅस्टिकचे तुकडे दिसले, तर लगेच ट्रिगर सोडा. तो पाइप आहे.

हातातलं मशीन नेमकं कोणतं?

दुकानात 'इम्पॅक्ट' हा एकच शब्द दोन वेगळ्या मशीनसाठी वापरतात, आणि इथेच खरेदी चुकते.

इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी चकत्यांची जोडी असते. हातोडीचं चिन्ह निवडलं की त्या एकमेकींवर घासून उड्या मारतात आणि बिट फिरता फिरता पुढे-मागे ठोके देतं. मिनिटाला हजारो ठोके, पण प्रत्येक ठोका हलका. विटेच्या भिंतीला हे मशीन उत्तम. पुढे गोल चक असतं, बहुतेक १० किंवा १३ मिलिमीटरचं.

इम्पॅक्ट ड्रायव्हर वेगळा. तो आखूड असतो, पुढे षटकोनी भोक असतं आणि ठोके फिरण्याच्या दिशेने देतो. तो स्क्रू आणि नट-बोल्ट आवळायला आहे. पत्र्याच्या शेडचं काम करणाऱ्यांच्या हातात तोच दिसतो. भिंत फोडायला तो नाही.

तिसरं रोटरी हॅमर. त्याच्या आत पिस्टन हवेच्या दाबाने ठोके मारतो. ठोके संख्येने कमी, पण एकेक ठोका जबरदस्त. स्लॅब, कॉलम, बीम यांच्यासाठी हेच. इम्पॅक्ट ड्रिलने स्लॅबला पंख्याचा हूक बसवायला जाल, तर भोक होणार नाही, मोटर तापेल आणि खांदा जाईल. अशा वेळी एका दिवसापुरतं रोटरी हॅमर भाड्याने किंवा मागून आणलेलं बरं.

व्होल्टचा घोळ

ड्रिलच्या बॅटरीत लिथियम-आयन सेल असतात. एका सेलचं सरासरी व्होल्टेज ३.६ आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की सरासरी १८ व्होल्ट आणि पूर्ण चार्जला २१ व्होल्ट. म्हणजे १८, २० आणि २१ व्होल्ट असं लिहिलेल्या तिन्ही मशीनमध्ये आत पाचच सेल असतात. लिहिण्याची पद्धत फक्त वेगळी. १२ व्होल्टच्या मशीनमध्ये तीन सेल असतात.

स्वस्त मशीनवर '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं दिसतं. त्याला भुलू नका, ते बहुतेक वेळा मॉडेलचं नाव असतं, व्होल्टेज नसतं. बॅटरीच्या किंवा चार्जरच्या मागच्या बारीक अक्षरांत खरा आकडा असतो. चार्जर २१ व्होल्टचा असेल तर मशीन पाच सेलचंच आहे.

व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की बॅटरीत किती ऊर्जा मावते ते कळतं. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर. ४ अँपिअर-अवर असेल तर ७२. दिवाळीला तोरण आणि वर्षातून चार भोकं, यासाठी २ अँपिअर-अवरची बॅटरी भरपूर झाली.

पहिलं कॉर्डलेस ड्रिल ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ साली आणलं. त्यात निकेल-कॅडमिअमची बॅटरी होती, जड आणि कमी ताकदीची. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली आणि २००५ च्या सुमारास ती अशा हत्यारांमध्ये आली. तेव्हापासून वायरवाल्या मशीनची ताकद मुठीत मावायला लागली. पण ताकद आली तशी जोखीमही आली.

मनगट मोडणारा झटका

भोक पाडताना बिट एकदम अडकतं. विटेत खडा येतो, लाकडात गाठ येते, पत्र्यातून बिट पलीकडे निघताना कडेला अडकतं. बिट थांबलं तरी मोटर थांबत नाही. मग बिटाऐवजी मशीन फिरतं आणि त्याबरोबर तुमचं मनगट.

हा जोर किती असतो? मशीनवर '५० न्यूटन-मीटर' लिहिलेलं असेल, तर एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला पाच किलोची पिशवी टांगल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा. ऐकायला कमी वाटतं. पण तुमची मूठ बिटाच्या रेषेपासून जेमतेम १५ सेंटिमीटरवर असते. तिथे हाच पीळ रोखायला सुमारे ३३ किलोचा जोर लागतो, तोही डोळ्याची पापणी लवायच्या आत. एका हाताने हे जमत नाही.

म्हणून बाजूची मूठ, म्हणजे साइड हँडल, मशीनबरोबर आलं असेल तर ते लावाच. आपल्याकडे ते खोक्यातच राहतं. डावा हात तिथे असला की तो धातूच्या भागावर जात नाही, हा दुहेरी फायदा. भोक पाडताना नेहमी रबर किंवा प्लॅस्टिकच्या मुठीच धरायच्या. बापूंचा डावा हात त्या मुठीवर असता, तर वायर तुटली असती, पण शॉक बहुधा बसला नसता.

आणखी एक गैरसमज. चकच्या मागे १ ते २० असे आकडे असलेली रिंग असते. तो क्लच. ठरावीक पीळ झाला की तो 'कटकट' करून सुटतो. पण तो स्क्रू आवळण्यासाठी आहे. ड्रिलचं किंवा हातोडीचं चिन्ह निवडलं की बहुतेक मशीनमध्ये क्लच बाजूला पडतो आणि मोटरची पूर्ण ताकद बिटाला जाते. म्हणजे झटक्यापासून क्लच वाचवेल या भरवशावर राहू नका.

वरचं १-२ चं बटण गिअरचं. १ म्हणजे हळू पण जोरदार, स्क्रू आणि मोठ्या भोकांसाठी. २ म्हणजे वेगवान, भिंतीतल्या लहान भोकांसाठी. गिअर मशीन पूर्ण थांबल्यावरच बदला, नाहीतर दाते झिजतात.

भोक पाडण्याची पद्धत

१. बॅटरी काढा, मग बिट बसवा. बिट बदलताना ट्रिगर दाबला जाऊन बोटं सोलली गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

२. विटेला टोकावर कार्बाइडचा तुकडा असलेलं बिट, लोखंडाला एचएसएसचं, लाकडाला लाकडाचं. भिंतीचं बिट लोखंडात घातलं की दोन्ही खराब.

३. हातोडीचं चिन्ह फक्त वीट आणि प्लॅस्टरसाठी. लाकूड, लोखंड आणि टाइल्स यांना साधं ड्रिल. टाइल्सवर ठोके दिले की तडा गेलाच समजा. टाइल्सवर आधी चिकटपट्टी लावा, टाइलचं बिट वापरून हळू सुरुवात करा, टाइल पार झाली की मग भिंतीचं बिट लावा.

४. प्लॅस्टिकचा प्लग, ज्याला दुकानात गिट्टी म्हणतात, ६ मिलिमीटरचा असेल तर बिटही ६ चंच. प्लगच्या लांबीएवढं माप धरून बिटाला चिकटपट्टीची खूण करा. गरजेपेक्षा खोल जाणं म्हणजे वायरीला आमंत्रण.

५. ट्रिगर हळू दाबून सुरुवात, मग वेग. मशीनवर अंगाचा भार टाकायचा नाही. मध्ये दोन-तीन वेळा बिट फिरत असतानाच बाहेर काढून भुकटी सांडू द्या.

६. काम थांबलं की पुढे-मागे फिरवण्याचं बटण मधोमध ठेवा. तिथे ट्रिगर लॉक होतो. शिडी चढताना, मशीन पिशवीत टाकताना आणि घरात लहान मुलं असताना हे विसरायचं नाही.

शिडीबद्दलही एक शब्द. वायर नसल्यामुळे आपण मशीन घेऊन कुठेही चढतो आणि एका हाताने काम करतो. तोच झटका शिडीवर बसला तर माणूस खाली येतो. खाली शिडी धरायला एकजण हवाच.

डोळे, फुप्फुस, पदर

वीट, प्लॅस्टर आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. ती बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. घरी वर्षातून चार भोकं पाडणाऱ्याला फार भीती नाही. पण रोज हेच काम करणाऱ्या पोरांनी तोंडाला नुसता गमछा बांधून चालत नाही. एन-९५ मास्क हवा. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो, त्यात भोक पाडायचंच असेल तर पत्रा ओला करा, वेग कमी ठेवा, ठोके बंद आणि मास्क घट्ट.

चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, काम करतानाचा बाजूंनी बंद असलेला चष्मा. डोक्यावरच्या भोकाला तर तो हवाच. हातोडीच्या आवाजाला कानात बोळे घाला.

गमछा, ओढणी, साडीचा पदर, मोकळे केस आणि सैल सुती हातमोजे, हे सगळं फिरत्या चकात ओढलं जातं. गमछा गळ्यातून काढून ठेवा, पदर खोचून घ्या.

बॅटरी आणि खान्देशचं ऊन

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो. तो सावलीतला आकडा. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. लिथियम-आयन सेलमध्ये पेट घेणारा द्रव असतो आणि उष्णता हा त्याचा सगळ्यात मोठा शत्रू. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी वरची मर्यादा ४० ते ४५ अंश सेल्सिअस दिलेली असते. म्हणजे मे महिन्यात दुपारी शेडमध्ये चार्जिंग लावलं, तर सुरुवातच मर्यादेबाहेर होते.

म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग सकाळी लवकर किंवा रात्री झोपण्याआधी, घरातल्या थंड फरशीवर करा. गादीवर, पेपरच्या गठ्ठ्यावर किंवा जिन्याखाली पायवाटेत नको. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, अर्धा तास निवू द्या. फुल झाली की काढून घ्या. रात्रभर लावून झोपू नका.

बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका. चारपैकी दोन दिवे लागतील एवढी भरा, मशीनमधून काढा आणि कपाटात ठेवा. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. स्क्रू-खिळ्यांच्या डब्यात सुटी बॅटरी टाकू नका. एखादा खिळा दोन टोकांना टेकला तर शॉर्ट होतो.

फुगलेली, वास येणारी, भिजलेली किंवा जोरात आपटलेली बॅटरी चार्ज करायची नाही. आत बीएमएस नावाचं एक सर्किट असतं, जे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवतं. सेल बदलून देताना काही जण ते सर्किट काढून थेट जोडणी करतात किंवा जुन्या-नव्या सेलची भेळ करतात. मशीन चालतं, पण राखण करणाराच घरातून गेलेला असतो. असा जुगाड करू नका.

चार्जिंगला असताना धूर दिसला तर बॅटरीला हात न लावता आधी त्या प्लगची लाइन बंद करा, माणसं बाहेर काढा. आग अगदी लहान असेल तर लांबून भरपूर पाणी ओता. वाढत असेल तर थांबू नका, बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

संपलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, पालापाचोळ्याबरोबर जाळू तर मुळीच नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं, त्याचा अर्थ हाच. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

महिन्याची देखभाल, दहा मिनिटांची

मशीनच्या अंगावरच्या फटींतून पंखा हवा ओढतो. त्याबरोबर धूळ, जिनिंगमधली कापसाची तूस, आणि मिरचीच्या हंगामात आमच्याकडे मिरचीची भुकटीसुद्धा आत जाते. मग तीच भुकटी पुढच्या वेळी डोळ्यांवर फुंकली जाते! बॅटरी काढून मऊ ब्रशने फटी साफ करा. बाहेरून किंचित ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोल, थिनर नको, प्लॅस्टिक मऊ पडून तडकतं. फटींतून तेल कधीच सोडायचं नाही.

डोक्यावर काम केलं की चकमध्ये धूळ पडते. बॅटरी काढून चक पूर्ण उघडा, मशीन उलटं धरून झटका, दोन-तीनदा उघडझाप करा. चकमधला स्क्रू सैल झाला असेल तर लक्षात ठेवा, तो बहुधा उलट आट्यांचा असतो. नेहमीसारखा फिरवाल तर सुटेल.

ब्रश असलेल्या मोटरमध्ये फटीतून ठिणग्या दिसतात. त्या अचानक वाढल्या, जळका वास आला, ताकद कमी झाली तर कार्बन ब्रश बदलायची वेळ झाली. ब्रशलेस मोटरला हे काम नाही. पण पेट्रोल, थिनर, गॅस किंवा कापसाची तूस उडत असेल तिथे कोणतंही ड्रिल चालवू नका.

कोणाला शॉक लागलाच तर

त्याला हात लावू नका. आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने त्याला वायरीपासून दूर करा. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि छाती दाबण्याची पद्धत येत असेल तर लगेच सुरू करा. माणूस उठून बसला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात दाखवा. शॉकचा हृदयावरचा परिणाम नंतरही दिसू शकतो. बापूंनाही आम्ही जबरदस्तीने नेलं, ईसीजी काढला, तो चांगला निघाला.

फिल्टर नंतर लागला, जुन्या जागेपासून एक हात बाजूला. तुटलेली वायर वायरमनने बदलून दिली आणि त्याच दिवशी मेन बोर्डवर आरसीसीबी बसली. आता बापू मशीन हातात घेतात तेव्हा आधी मेनकडे जातात, मग इन्व्हर्टरकडे, मग पंख्याचं बटण दाबून बघतात. ऐन उकाड्यात पंखा बंद पडतो म्हणून काकू कुरकुरतात. बापू म्हणतात, "पाच मिनिटं." आणि साइड हँडल आता खोक्यात नसतं, मशीनला लावलेलंच असतं.